पाहुण्याचा तांबडा

दोन्ही कंपन्यांचं बिनसलं की एबो एसिल्फीला मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी मिळायची, पण सोबत मासा मिळायचा नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हा नियम काही बदलला नव्हता. अक्राच्या किनाऱ्यावरच्या एसुआनो गावात माणूस बापाच्या कंपनीत जन्माला येतो आणि त्याच कंपनीच्या खांद्यावरून जातो. त्यामुळे एबो दोन नंबर कंपनीचा आणि त्याची बायको एकुआ एक नंबरची. एरवी कंपनी म्हणजे अडकलेली होडी ओढायला, रस्ता साफ करायला, हरवलेलं माणूस शोधायला. पण झेंड्याचा प्रश्न आला की कंपनीची फौज होते, आणि शत्रूच्या फौजेला मासा वाढायला एकुआ काही वेडी नव्हती.

"नुसतीच?" ताटलीतल्या केंकीच्या गोळ्याकडे बघत एबो म्हणाला.

"मिरची आहे की," एकुआ म्हणाली. "मासा माझ्या भावाच्या होडीतला आहे. उगाच काटा अडकायचा तुमच्या घशात."

एबो हा दोन नंबरचा झेंडेवाला. कंपनीत नवा कप्तान झाला की त्याने कंपनीला एक झेंडा द्यायचा, त्यावर समोरच्या कंपनीला झोंबेल असं एक चित्र हवं, आणि ते कापून शिवायचं काम एबोचं. गळ गिळलेला मासा, मगरीपुढे उभी शेळी, चावी हरवलेलं कुलूप, असे सतरा झेंडे त्याने आजवर शिवले होते. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक, कारण इंग्रजांचं राज्य होतं आणि तो तिथे असायचाच. कपाळावर धूळ असते तसा.

आता सत्तावन्न सालच्या सहा मार्चला इंग्रज जाणार होते. देश नवा, नाव नवं, झेंडाही नवा. वर तांबडा पट्टा, मध्ये पिवळा, खाली हिरवा आणि मधोमध काळी चांदणी. कमिशनरसाहेबाने दोन्ही कंपन्यांच्या कप्तानांना बोलावून सांगितलं की त्या दिवशी कोपऱ्यात नवा झेंडा नसेल तर कुठलाही झेंडा पेटीबाहेर काढायचा नाही. सरकारने पाच-सहा वर्षांपूर्वीच कमिशनर हे नाव बदलून एजंट केलं होतं, पण गावाला त्याची गरज वाटली नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते तांबड्यावर.

एसुआनोत तांबडा रंग एक नंबरचा, निळा आणि पांढरा दोन नंबरचा. दुसऱ्याच्या रंगाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोच्या कमरेला हात लावणं. हुकूम आला त्याच संध्याकाळी एक नंबरवाले ढोल घेऊन बाजारात उतरले. "सरकारने आमचा रंग सगळ्यात वर बसवला, तुमचा निळा कुठे बुडाला?" असं गाणं त्यांनी तिथल्या तिथे रचलं आणि दोन नंबरच्या देवळासमोर, म्हणजे आगबोटीच्या आकारात बांधलेल्या त्या सिमेंटच्या चौथऱ्यासमोर, सात वेळा म्हटलं. वर त्यांचा कप्तान क्वामेना अंकोबियाने मंगळवारची शपथ घेतली. "आमचा तांबडा जो हात दोन नंबरच्या काठीवर नाचवेल, तो हात मी खांद्यापासून उतरवीन."

मंगळवारी दर्यात कोणी होडी घालत नाही, तो दर्याचा वार. त्या वाराची शपथ मागे घेणाऱ्याला दर्या मागे घेतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

शपथ घेऊन घरी गेल्यावर क्वामेनाच्या लक्षात आलं की दोन नंबरचा झेंडा नाचवणारा हात फीफीचा आहे. फीफी म्हणजे एबो आणि एकुआचा मुलगा, म्हणजे क्वामेनाच्या बहिणीचाच. कंपनी बापाची, म्हणून तो दोन नंबरचा. पण वारसा मामाचा, म्हणून क्वामेनाच्या मागे त्याचं घर, होड्या आणि कपड्यांची पेटी फीफीलाच जायची. मामाने भर बाजारात आपल्याच वारसाचा हात तोडायची शपथ घेतली होती. लोक हसले, पण फार वेळ नाही. सव्वीस वर्षांपूर्वी एका कोंबड्याच्या चित्रावरून असंच झालं होतं, तेव्हा दोन माणसं मेली. त्यातला एक एबोचा थोरला भाऊ होता.

"तू नाचू नकोस," एबो मुलाला म्हणाला.

"मग कोण नाचणार? तुम्ही?" फीफी म्हणाला. "आणि बाबा, तांबडा कसला त्यांचा? दुकानात गठ्ठ्याने येतो. सगळा मँचेस्टरचा."

"मासे सगळे दर्याचेच असतात," चुलीपासून एकुआ म्हणाली. "माझ्या भांड्यात पडला की माझा. बापलेकांनी अक्कल गहाण टाकलीय."

"मग युनियन जॅकमध्ये तांबडा नव्हता का? ऐंशी वर्षं आम्ही तो नाचवला, तेव्हा मामा कुठे होता?"

"तो तुमचा कुठे होता? तो साहेबाचा. पाहुण्याच्या ताटात काय आहे त्यावरून घरचं माणूस भांडत नाही, फीफी. आता पाहुणा निघाला. आता जे ताटात येईल ते कुणाचं तरी असणार."

एबोचा घास तोंडात तसाच राहिला. मग त्याने तो गिळला, हात धुतले आणि कात्री शोधायला उठला.

त्याला सुचलं ते इतकं सोपं होतं की आधी सुचलं नाही याचा राग यावा. दुकानातला तांबडा आणायचाच नाही. जुन्या कोपऱ्यातला युनियन जॅक उसवायचा आणि त्याच्याच तांबड्या पट्ट्या नव्या झेंड्यात वरती लावायच्या. तो साहेबाचा तांबडा. ऐंशी वर्षं चालला, पुढेही चालेल. शपथ 'आमचा तांबडा' अशी घेतलीय ना? हा तुमचा नाहीच मुळी. क्वामेनाची शपथ शाबूत, फीफीचा हात शाबूत.

मोठ्या हौसेने त्याने कंपनीची पेटी उघडली आणि मग झाकणावर हात ठेवून बराच वेळ नुसता बसला. त्याला आठवलं, आपण काय करून ठेवलंय ते.

पेटीत सगळ्यात खाली आजोबांचे झेंडे होते. पहिल्या दोन झेंड्यांच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, कारण तेव्हा इंग्रज किनाऱ्यावर व्यापारी म्हणून बसला होता आणि कंपनीला भाडं देत होता. तिसऱ्यावर तळहाताएवढा युनियन जॅक होता, दोस्ताला दिलेली मानाची जागा म्हणून. मग आतल्या मुलखातल्या अशांती राजाच्या फौजेशी लढाया झाल्या, तोफा आल्या, आणि कोपरा वीतभर झाला. बापाच्या झेंड्यांवर तर तो असा सुजला होता की एका झेंड्यावर मगरीला जागा उरली नाही म्हणून बापाने तिची शेपटी दुमडली होती. हे वाडवडिलांचे टाके. त्यांना कात्री लावायची नाही आणि ते पेटीतून काढायचेही नाहीत.

वरचे सतरा एबोचे. युनियन जॅकमध्ये तांबडे पट्टे आठ, उभ्या फुलीचे चार हात आणि तिरक्या फुलीचे चार. एबोच्या पहिल्या झेंड्यावर ते आठही होते. दुसऱ्यावर सात. कोणा साहेबाने डोक्यात जाण्यासारखं काही केलं की त्यानंतरच्या झेंड्यावर एबो एक पट्टा कमी लावायचा. कोणाला बोलायचा नाही, बायकोलाही नाही. कोपरा आकसत गेला, तांबडा गळत गेला, आणि गावात एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण तिथे युनियन जॅक आहे हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. माहीत असलेल्या वस्तूकडे कोण बघतं? गेल्या साली शिवलेल्या सतराव्या झेंड्यावर निळ्या तुकड्यावर बोटभर एक तांबडी रेघ उरली होती.

सगळं उसवून मोजलं तर पाच झेंड्यांपुरताही तांबडा निघेना. ज्याच्यावर आयुष्यभर सूड उगवला त्याच्याच नावाचं कापड आज कमी पडत होतं. एबोला हसू आलं आणि तिथेच थांबलं, कारण फीफी बाहेर अंगणात रिकामी काठी घेऊन सराव करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरावा झेंडा काखेत गुंडाळून तो टेकडीवरच्या बंगल्यावर गेला. कमिशनर ब्रॅमलीसाहेबाची बांधाबांध चालली होती. सहा मार्चचा समारंभ आटोपला की त्याची बोट होती. आजवर त्या व्हरांड्यात एबोला खुर्ची मिळाली नव्हती. आज साहेबालाही नव्हती, खुर्च्या खोक्यांत गेल्या होत्या. दोघं दोन खोक्यांवर समोरासमोर बसले.

एबोने तांबड्याची सगळी गोष्ट सांगितली. साहेब बारा वर्षं किनाऱ्यावर होता, त्याला हे समजवावं लागलं नाही.

"मग जुन्या कोपऱ्यातला काढ," तो म्हणाला. "आठ पट्टे आहेत त्यात. हवा तेवढा निघेल."

"नाही निघत, साहेब."

"का?"

"आठ नाहीत."

"तुला तो नीट जमत नाही हे मला माहीत आहे. तीनदा छापील नकाशा पाठवला होता मी. किती आहेत? सात? सहा?"

एबोने काखेतला झेंडा खोक्यावर पसरला. साहेबाने चष्मा लावला, काढला, पुसला आणि परत लावला.

"हे अडाणीपणाने झालेलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही साहेब. अडाणी असतो तर आठ लावले असते. समोर ठेवून शिवायला काय लागतं?"

"बाकीचे सात कुठे गेले?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. एबोने बोटं मोजायला सुरुवात केली.

"पहिला तेवीस साली. तेव्हाच्या साहेबाने माझ्या म्हाताऱ्या बापाला उन्हात उभा करून स्वतःची टोपी धरायला लावली. दुसरा, मयताला ढोल वाजवायची बंदी घातली तेव्हा. तिसरा ब्रह्मदेशाचा. माझ्या बहिणीचा मुलगा तिकडे लढायला नेला, परत आलं ते पत्र. चौथा आणि पाचवा अठ्ठेचाळीस साली एकदम गेले, अक्रात, लढाईवरून परत आलेल्या शिपायांवर गोळी झाडली तेव्हा. सहावा कुणाचा ते आठवत नाही, पण उगाच काढला नसणार."

"आणि सातवा?"

"सातवा तुमचा."

साहेबाने मान वर केली. "कशाबद्दल?"

"नकाशा पाठवलात म्हणून."

"तीनदा पाठवला होता."

"राग पहिल्यांदाच आला. नंतर हसू यायला लागलं."

साहेब हसला नाही. झेंड्यावरच्या त्या एका रेघेवर त्याने अंगठा फिरवला. चिडावं तर कोणाच्या जोरावर, हाही प्रश्न असावा. पोलीस पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याचे होते.

"मला हवा होता तो तुमचा मोठा झेंडा," एबो म्हणाला. "राणीच्या वाढदिवसाला लावता तो. सतरा झेंड्यांना पुरून उरेल."

"ती सरकारी मालमत्ता आहे."

"कुठल्या सरकारची?"

"तोच तर घोळ आहे," साहेब म्हणाला. "मी तो परत पाठवायचा. चांगल्या स्थितीतला झेंडा कोणालाही देता येत नाही, असा नियम आहे. फाटका असेल तर चिंधी म्हणून निकालात काढता येतो."

त्याने आतून तो झेंडा आणवला आणि खोक्यांमध्ये जमिनीवर ठेवायला लावला. गाठोड्याएवढी जाड घडी होती. आगबोटीवर वापरतात तसलं जाड लोकरी कापड. एकही भोक नव्हतं, हे दोघांनीही बघितलं.

"चांगल्या स्थितीत आहे," साहेब म्हणाला.

"फार चांगल्या, साहेब."

ब्रॅमली उठला, व्हरांड्याच्या कठड्याशी गेला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. बोटी बघत असल्यासारखा. पाठमोरा तो बराच वेळ उभा राहिला, मग घसा खाकरला आणि आणखी थोडा वेळ उभा राहिला. कात्री नसती तर तो झेंडेवाला कसला? एबोने घडी उलगडली आणि मधल्या फुलीच्या शेजारून सर्रकन वीतभर चीर दिली. लोकरीचा आवाज मोठा झाला. साहेबाची पाठ हलली नाही.

"अरेरे," वळल्यावर तो म्हणाला. "वाऱ्याने फाटला."

"वारा फार सुटलाय या वर्षी," एबो म्हणाला.

घडी डोक्यावर घेऊन टेकडी उतरताना मात्र त्याला काहीसं चुकल्यासारखं झालं. चौतीस वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात भांडला, तो असा चिंधी होऊन डोक्यावर बसेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला वाईटही वाटलं आणि वाईट वाटलं याचा रागही आला.

तीन आठवडे तो अंगणात बसून शिवत होता. एकुआने कापड ओळखलं, चिमटीत धरून बघितलं, आणि सुईत दोरा ओवून दिला. एक नंबरच्या बाईने दोन नंबरच्या झेंड्याला लावलेला तो पहिलाच हात असावा. अर्थात तिने हे कोणाला सांगायचं नाही असं बजावलं.

सहा मार्चला सकाळी सगळं गाव शाळेच्या मैदानात लोटलं. शाळेच्या काठीवर नवा झेंडा चढला, पोरांनी गाणं म्हटलं, पांढऱ्या गणवेशातल्या ब्रॅमलीने दोन शब्द सांगितले आणि टोपी काढली. मग दोन नंबरचे ढोल सुरू झाले. सतरा झेंडे दोरीवर एका रांगेत लागले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वरती तांबडा. अठरावा, नवा, फीफीच्या हातात होता. एक नंबरचे ढोल एकदम थांबले.

क्वामेना मैदान ओलांडून आला. हातात काठी, मागे तीसेक माणसं. फीफी जागचा हलला नाही, पण झेंड्याची काठी त्याने दोन्ही हातांनी धरली. एकुआ बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि भाऊ आणि मुलगा यांच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली. कोणत्या कंपनीच्या बाजूने, ते तिने सांगितलं नाही.

"बाजूला हो, एकुआ," क्वामेना म्हणाला. "माझी शपथ आहे."

"तुझी शपथ काय होती ते नीट सांग," एबो पुढे होत म्हणाला.

"आमचा तांबडा जो नाचवेल त्याचा हात."

"मग हात लाव आणि सांग, तुमचा आहे का हा."

क्वामेनाने कोपरा चिमटीत धरला. चोळला. नाकाशी नेला. जन्मभर तांबडं कापड नेसलेला माणूस, त्याला दुकानातलं सूत कळत नाही का? हे सूत नव्हतं. "हे काय आहे?"

"लोकर. साहेबाचा झेंडा. तुझ्या बापाने चालवून घेतला, तू चालवून घेतलास. तोच आहे. फक्त जरा आडवा झालाय. विश्वास नसेल तर विचार त्याला."

सगळ्या गावाचे डोळे ब्रॅमलीकडे वळले. सवयीने. भांडण झालं की त्या टोपीकडे बघायची सवय तीन पिढ्यांची होती.

"माझाच आहे," ब्रॅमली म्हणाला. मग जरा थांबून, "वाऱ्याने फाटला होता."

कोणीतरी खुदकन हसलं. क्वामेनाने काठी खाली टेकवली. तो मोठा कप्तान होता, त्याने हार अशी खाली टेकवली की बघणाऱ्याला वाटावं काठीच जड होती. "पाहुण्याचा असेल तर माझं काही म्हणणं नाही," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना आणि दर्यालाही ऐकू जाईल असं. "नाच रे."

फीफी नाचला. झेंडा पायाखालून काढला, मानेभोवती फिरवला, आकाशात फेकून दातांत झेलला. एक नंबरच्या पोरींनीही टाळ्या वाजवल्या आणि मग आयांचे धपाटे खाल्ले.

एबो थकून चिंचेखाली आला, तर बाकावर क्वामेना आधीच बसलेला. दोघं मुलाकडे बघत राहिले.

"दाजी," क्वामेना हळूच म्हणाला, "ही लोकर किती टिकेल?"

"पाच-सहा पावसाळे. दर्याच्या वाऱ्यात रंग उडतो."

"मग?"

"मग काय?"

"मग तांबडा कुठून आणशील? पाहुणा तर चालला."

याचा विचार एबोने केलाच नव्हता. चौतीस वर्षं तो साहेबाला फसवायच्या विचारात होता, हे तीन आठवडे त्याचा तांबडा पुरवायच्या. साहेबाकडे मागताना त्याची जीभ अडखळली नव्हती. आता समोर बायकोचा भाऊ होता, ज्याच्या कंपनीने त्याचा भाऊ मारला होता, आणि ज्याने आत्ता काठी खाली टेकवली होती. लाज वाटत होती की राग येत होता, एबोलाच कळेना.

"मग तुझ्याकडे मागीन," तो म्हणाला.

क्वामेनाने त्याच्याकडे मान वळवून बघितलं.

"मागून तर बघ," तो म्हणाला, आणि बाकावर थोडा सरकला. एबो बसला.